चौकातल्या रोषणाईचा खर्च कोणाचा?

आमच्या कार्यक्रमाला एरवी फोन येतात ते पाण्याचे, रेशनचे, नाहीतर शाळेच्या दाखल्याचे. गेल्या महिन्यात मात्र लागोपाठ चार फोन एकाच विषयावर आले. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका गावच्या चौकात रोषणाई करायचं घाटतं आहे. कमानीला रंग बदलणारे दिवे, खांबांना झगमगत्या पट्ट्या, वडाला माळा आणि मधल्या बेटावर कारंजं. गावाचं नाव आम्ही मुद्दामच घेत नाही. असे चौक या पट्ट्यात डझनभर असतील आणि ऐकणारीला आपलाच चौक आठवला तर ते बरंच.

पहिल्या फोनवरच्या काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं नुसती धूळ आणि ट्रक बघितले. कधी नव्हे ते काही छान होतंय, तर त्यात खोडा घालू नका." दुसरा फोन सेकंड शिफ्टला जाणाऱ्या एका मुलीचा होता. ती म्हणाली, "चौकात आत्ताही उजेडच आहे, ताई. हॉटेलं आहेत, पेट्रोल पंप आहे. कंपनीची बस तिथे सोडते. तिथून पुढे रूमपर्यंत बारा मिनिटं मी मोबाईलची बॅटरी लावून जाते."

त्यानंतर आमच्यातही दोन पक्ष पडले. एकीला काकूंचं पटलं, दुसरीला मुलीचं, आणि चहा गार होईपर्यंत वाद चालला. शेवटी ठरवलं की हे नीट समजून घ्यावं. रोषणाईचे पैसे कुठल्या खिशातून येतात, मागाहून बिल कोण भरतं, आणि हे ठरवताना कोणाला विचारतात? त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो आहोत.

आधी कायद्याचं बघू, कारण गंमत तिथेच आहे. आपल्याकडे रस्त्यावरचा दिवा आणि शोभेचा दिवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महानगरपालिकांचा कायदा १९४९ सालचा. त्याच्या ६३ व्या कलमात महापालिकेने करायलाच हवीत अशी कामं सांगितली आहेत, आणि सार्वजनिक रस्त्यांवरची दिवाबत्ती त्यात आहे. ६६ व्या कलमात ऐच्छिक कामं आहेत, म्हणजे करता आली तर करावीत अशी. नुसती शोभेची रोषणाई बसवायची झाली तर या दुसऱ्या कलमात. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात ४९ वं कलमही असाच भेद करतं. ग्रामपंचायतीच्या १९५८ च्या कायद्यातही गावची दिवाबत्ती हे पंचायतीच्या कामांपैकी एक आहे. म्हणजे बोळातला दिवा मागताना आपण कोणाकडे उपकार मागत नसतो. कमानीचे दिवे मात्र गावाची हौस आहे. हौस करू नये असं आम्ही म्हणत नाही. पण घरातसुद्धा आधी किराणा भरतो आणि मग पडदे बदलतो.

कायदा इतका सरळ असूनही बोळ अंधारात का राहतो? याचं एक कारण आम्हाला खांबापाशीच सापडलं. आपल्या पट्ट्यात एका चौकाला चार मालक असतात. पुणे-नाशिक रस्ता राष्ट्रीय महामार्ग, म्हणून तिकडचे दिवे महामार्गवाल्यांचे. आत वळलं की एमआयडीसीचा रस्ता, तिथले दिवे एमआयडीसीचे. गावात शिरलं की ग्रामपंचायत, आणि चाकणच्या हद्दीत असाल तर नगरपरिषद. खांब पुष्कळदा महावितरणचा, त्यावरचा दिवा पंचायतीचा. दिवा बंद पडला की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. चौकाचं तसं नसतं. चौक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. तिथे काम केलं की फलक लागतो, उद्घाटन होतं, फोटो निघतो. बोळातल्या तीस वॅटच्या दिव्याचं उद्घाटन झालेलं आम्ही तरी कधी पाहिलं नाही.

आता बिलाकडे येऊ. २०२१ साली काय झालं ते गावाकडच्या मैत्रिणींना आठवत असेल. पथदिव्यांची थकबाकी फार झाली म्हणून महावितरणने राज्यभर गावोगावच्या पथदिव्यांची वीज तोडायला घेतली. बिल सरकारने भरायचं की पंचायतीने, यावर खडाजंगी झाली. पंधराव्या वित्त आयोगातून गावाला आलेल्या पैशातून बिल भरा असं सरकारने सांगितलं. तो पैसा विकासाला आहे, बिलाला नाही, असं म्हणत सरपंच रस्त्यावर आले. कोण बरोबर, कोण चूक यात आज शिरत नाही. पण त्या भांडणात दिवे होते, खांब होते, ताराही होत्या, आणि गावं मात्र अंधारात होती. दिवा बसवायला एकदा पैसे लागतात, तो पेटता ठेवायला दर महिन्याला. बसवण्यासाठी योजना येते, आमदार निधी येतो, जिल्ह्याचा निधी येतो. पेटता ठेवायला फक्त गावची घरपट्टी उरते.

म्हणून आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. तुम्हीही मांडून बघा, पाचवीतली मुलगीसुद्धा करेल. समजा चौकात ४० खांब आहेत आणि प्रत्येकाला २५ वॅटची पट्टी आहे. ते झाले १,००० वॅट. कमानीला ५०० आणि झाडांना ५०० धरा. एकूण २,००० वॅट, म्हणजे दोन किलोवॅट. संध्याकाळी सहा ते रात्री बारा असे सहा तास लावले तर रोज १२ युनिट, महिन्याला ३६०. कारंज्याचा पंप यात धरलेलाच नाही. आता बोळातला ३० वॅटचा एलईडी दिवा घ्या. संध्याकाळी सात ते सकाळी सहा असा अकरा तास जळला तर रोज एक तृतीयांश युनिट, महिन्याला साधारण दहा. म्हणजे शोभेच्या दिव्यांना जेवढी वीज लागते तेवढ्यात छत्तीस बोळांतले दिवे रात्रभर जळतात, आणि शोभेचे दिवे तर बाराला विझतात.

हा हिशेब बघून आमच्यातली एक लगेच म्हणाली, "बघा, किती उधळपट्टी!" पण थांबा. ३६० युनिट म्हणजे चार-पाच साध्या घरांचं महिन्याचं बिल. हजारो माणसांच्या गावाला ते जड नाही. विजेवरून रोषणाईला नावं ठेवली तर समोरचा माणूस हाच आकडा दाखवून आपल्याला गप्प करेल. खरा खर्च बसवण्याचा असतो आणि त्याहून मोठा नंतरच्या देखभालीचा. पावसाळ्यात पट्टीत पाणी शिरतं. रंग बदलणारा नियंत्रक जळतो. केबल चोरीला जाते. दोन-तीन वर्षांचा हमीकाळ संपला की ठेकेदार फोन उचलत नाही. मग निम्मी पट्टी लाल, निम्मी बंद, असा चौक वर्षानुवर्षं डोळे मिचकावत उभा राहतो. आणि एक गोष्ट पैशाहून महत्त्वाची. मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर वीज आणायची तर अर्थिंग नीट हवं. भर पावसात शोभेच्या खांबाला लेकरू टेकलं तर काय होईल, हे अंदाजपत्रकात कोणी लिहीत नाही. आपण विचारलं पाहिजे.

देखभालीचा हा प्रश्न आपल्या पट्ट्याला नवा नाही. निगडीचा भक्ती-शक्ती चौक तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. शिवाजी महाराज आणि तुकोबांच्या भेटीचं शिल्प तिथे आहे. शेजारच्या उद्यानात पिंपरी-चिंचवड महापालिकेने १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारला आणि २०१८ च्या जानेवारीत त्यावर तिरंगा फडकला. त्या दिवसाची गर्दी आणि मुलांना खांद्यावर घेतलेले बाप अजून डोळ्यांसमोर आहेत. पण एवढ्या उंचीवर वारा कापड टिकू देत नाही. झेंडा फाटायचा, उतरवायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा चढवायचा. पुष्कळ दिवस नुसता खांबच दिसायचा, आणि त्यावर शहरात टीका झाली. दिव्यांचा संबंध इथेही आहे. पूर्वी राष्ट्रध्वज सूर्यास्ताला उतरवण्याचा नियम होता. पुरेसा प्रकाश असेल तर अशा उंच स्तंभावरचा ध्वज रात्रीही ठेवता येईल, अशी मुभा गृह मंत्रालयाने २००९ साली दिली. म्हणजे उंच झेंडा आला की रात्रभराचे दिवेही आले. झेंडा उभारायच्या दिवशी आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? आम्हालाही झाला. आमचा प्रश्न फक्त दुसऱ्या दिवसापासूनच्या खर्चाचा आहे.

मुंबईची गोष्ट याहून मोठी. २०२२ साली तिथे शहर सुशोभीकरणाची योजना निघाली, सुमारे १,७०० कोटींची. तिच्यात पदपथ होते, भिंतींवरची चित्रं होती, आणि खांब, पूल, झाडं यांवरची रोषणाईही होती. त्या वेळी महापालिकेत नगरसेवक नव्हते. मुदत संपलेली होती, निवडणुका झालेल्या नव्हत्या, आणि प्रशासक कारभार बघत होते. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्येही २०२२ च्या मार्चपासून तीच स्थिती होती. सभागृह नसेल तर एखाद्या खर्चावर उभं राहून विरोध करायला तिथे माणूसच नसतो. मुंबईत तो वाद मग वर्तमानपत्रांत आणि न्यायालयात झाला. झाडांना दिवे गुंडाळल्याने पक्षी, कीटक आणि झाडं यांना त्रास होतो, अशी जनहित याचिका उच्च न्यायालयात गेली. २०२४ साली न्यायालयाने राज्य सरकार आणि मुंबई, ठाणे, मीरा-भाईंदर महापालिकांकडे उत्तर मागितलं. त्यानंतर मुंबईत झाडांवरचे दिवे उतरवायला सुरुवात झाली. लावायचा खर्च झाला, मग काढायचाही झाला. आमच्या फोनवरच्या काकूंना वडाच्या माळा हव्या होत्या. त्यांना आम्ही एवढंच सांगितलं की वडाला वटपौर्णिमेचं सूत पुरे, बारमाही वायर नको.

मुंबईचाच आणखी एक किस्सा आहे, २०१५ सालचा. मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे काढून तिथे पांढरे एलईडी बसवले. विजेची बचत व्हावी हा हेतू. पण ज्याला राणीचा हार म्हणतात तो फिकट पडला, आणि लोकांनी एवढा गदारोळ केला की प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. पुढे पिवळसर प्रकाश परत आला. आम्हाला ही गोष्ट आवडते, कारण रस्त्यावरचा साधा दिवासुद्धा सुंदर असू शकतो हे त्यातून कळतं. त्या हाराला ना रंग बदलणारी पट्टी होती ना कमान. सारख्या अंतरावर लावलेले आणि सगळेच्या सगळे पेटणारे दिवे, बस्स.

आता जरा डोळ्यांचं शास्त्र, कारण त्या मुलीच्या बारा मिनिटांशी त्याचा थेट संबंध आहे. झगझगीत उजेडातून अंधारात गेलं की आपल्याला काही क्षण दिसतच नाही, हा सगळ्यांचा अनुभव. सिनेमाच्या थेटरात शिरताना होतो तसा. बाहुली पटकन मोठी होते, पण डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे चौक जितका झगमगीत करू तितका त्याला लागून असलेला बोळ जास्त काळोखा वाटणार. रूमपर्यंतची वाट बारा मिनिटांची. डोळे तयार होण्याआधीच ती संपते. शिवाय बोळातल्याला उजेडातली बाई दिसते, तिला मात्र बोळातला माणूस दिसत नाही. रंगीत उजेडात कपड्यांचा, गाडीचा रंगही नीट ओळखू येत नाही. पोलिसांत सांगायची वेळ आली तर काय सांगणार? आपल्याला हवा तो उजेड समोरून येणाऱ्याचा चेहरा दिसेल असा, डोळ्यांत न घुसणारा आणि वाटेत कुठे न तुटणारा.

दिवे लावले की गुन्हे थांबतात का? सरसकट हो म्हणता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींपैकी काहींत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून, प्रखर दिव्यांचे मनोरे लावले आणि काहींत लावले नाहीत. जिथे लावले तिथे रात्री घराबाहेरचे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचं संशोधकांनी मांडलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये पुष्कळ ठिकाणी बचतीसाठी रस्त्यावरचे दिवे मंद केले किंवा काही तास बंद ठेवले. तिथे गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही, असा अभ्यास २०१५ साली आला. दोन्ही खरं असू शकतं. तिथला बोळ आणि आपला बोळ एक नाही. पण एक गोष्ट मोजायला संशोधक लागत नाही. अंधाराच्या भीतीने किती जणी सेकंड शिफ्ट नाकारतात, किती जणींना घरचे नोकरी सोडायला लावतात? रात्री सातनंतर बायकांना कारखान्यात कामावर ठेवायचं तर ने-आणीची सोय मालकाने करायची असते. बस येते, नाही असं नाही. पण बस चौकात वळते आणि निघून जाते. बोळात ती शिरू शकत नाही. सेकंड शिफ्ट सुटते साधारण साडेअकराला. पगाराची चिठ्ठी आणि काळोखाची बारा मिनिटं अशी तुलना घरोघरी होते, आणि बहुतेक वेळा काळोख जिंकतो.

तरीही काकूंचं म्हणणं आम्हाला टाकून द्यायचं नाही. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी 'व्हाय लॉयटर?' नावाचं पुस्तक लिहिलं, २०११ साली. बाईला सार्वजनिक जागी काही काम नसतानाही नुसतं रेंगाळायचा हक्क आहे, असं त्या म्हणतात. आपल्याकडे बाई चौकात उभी राहते ती बससाठी, रिक्षासाठी, नाहीतर भाजीसाठी. नुसती बसलेली बाई दिसते का? दसऱ्याला, गणपतीत, रोषणाई बघायला म्हणून मात्र आजी, सून, नात सगळ्या रात्री बाहेर पडतात आणि कोणी विचारत नाही की कुठे निघालात. रोषणाईने एवढं मिळत असेल तर ती फुकट गेली असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही. कारंज्याच्या कट्ट्यावर बायका बसणार असतील तर कट्टा हवाच. पण मग त्याबरोबर बसायची जागा, स्वच्छतागृह आणि कट्ट्यापासून घरापर्यंतचा उजेडही त्याच कामात धरा.

पैसे कोणाचे, याला आणखी वाटा आहेत. गणपतीची रोषणाई मंडळं वर्गणीतून करतात, तात्पुरतं वीजजोड घेतात आणि विसर्जनानंतर उतरवून ठेवतात. घरपट्टीला हात लागत नाही. म्हैसूरच्या दसऱ्यात शहरभर जे दिवे लागतात त्यांचं काम तिथली वीज कंपनी बघते. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर नाताळचे दिवे १९५४ साली पहिल्यांदा लागले ते दुकानदारांच्या खर्चाने, कारण गर्दी वाढली की गल्ला त्यांचाच वाढणार होता. आपल्या चौकात हॉटेलवाल्यांना नेमकं हेच सांगता येईल.

"एवढ्या कंपन्या आहेत, त्यांना सांगा," असं तिसऱ्या फोनवर एक मावशी म्हणाल्या. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकामावर खर्च करायचे असतात. पण तो खर्च कशावर करायचा याची यादी कायद्याला जोडलेली आहे. आरोग्य, शिक्षण, ग्रामविकास, ऐतिहासिक वास्तूंचं जतन वगैरे. गावातले पथदिवे ग्रामविकासात बसवता येतात. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाविरुद्ध लढवलेला चाकणचा संग्रामदुर्ग जतन करायचा म्हटलं तरी चालेल. चौकातल्या झगमगत्या पट्ट्या मात्र त्या यादीत बसवायला फार ओढाताण करावी लागेल. चौक सुशोभित करून द्यायचा आणि बदल्यात जाहिरातीचा फलक लावायचा, असाही करार होतो. त्यात फलक किती वर्षं राहणार आणि दिवे किती वर्षं पेटणार, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

हे सगळं ठरतं कुठे? गाव ग्रामपंचायतीचं असेल तर ग्रामसभेत. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, आणि ग्रामसभेआधी फक्त बायकांची महिला सभा घ्यायची असते. ती कागदावर होते की खरी होते, ते तुम्हीच आम्हाला सांगा. चाकणला २०१५ साली नगरपरिषद झाली, तेव्हापासून तिथे ग्रामसभा नाही. शेजारच्या गावातली बाई हात वर करून सरपंचाला विचारू शकते, चाकणची नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये क्षेत्रीय कार्यालयात जनसंवाद सभा असतात आणि अंदाजपत्रकासाठी महापालिका नागरिकांकडून कामं मागवते. पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे. एखाद्या गल्लीतले दिवे हे तिथे सुचवण्याजोगंच काम.

पण आमचं घोडं अडलं ते वेगळ्याच जागी. फोन करणाऱ्या त्या मुलीला आम्ही उत्साहाने म्हटलं, "महिला सभेत ये आणि बोल." ती म्हणाली, "मी कशी येऊ? माझं मत जळकोटला आहे."

ग्रामसभेचा सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदार यादीतला माणूस. ती लातूर जिल्ह्यातली आहे. तिच्या चाळीत अकरा खोल्या आहेत. बीड, नांदेड, वाशीम, बुलढाणा अशा ठिकाणांहून आलेल्या मुली, जोडपी तिथे राहतात. ती भाडं भरते, मालक त्यातून घरपट्टी भरतो, त्या घरपट्टीतून चौकाची रोषणाई होणार. तिचे पैसे त्यात आहेत, तिची वाट अंधारात आहे, आणि सभेत तिला बोलायला जागा नाही. चौकात दिवे मागणारे हॉटेलवाले, गाळेवाले, मंडळाची पोरं सगळी गावची आहेत. बोळात राहणाऱ्या बहुतेक जणी भाडेकरू आहेत. दिवे चौकातच का लागतात याचं, एवढा सगळा कायदा चाळून झाल्यावर, आम्हाला पटलेलं उत्तर हे आहे.

पत्ता बदलला की नमुना ८ भरून मत इकडे आणता येतं, हे आम्ही तिला सांगितलं. तिला ते माहीत होतं. पण तिकडे आईच्या नावावर घर आहे, भाऊ पंचायतीला उभा राहणार आहे, गावचं मत सोडवत नाही. आणि इथली खोली दर अकरा महिन्यांनी बदलते. यावर आमच्याकडे तोड नव्हती. तरी दोन गोष्टी मताशिवायही करता येतात. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कोणीही नागरिक करू शकतो. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. त्यात विचारावं की या रस्त्यावर किती पथदिवे आहेत, देखभालीचा ठेका कोणाकडे आहे, गेल्या वर्षी बिल किती भरलं, आणि चौकाच्या कामाचं अंदाजपत्रक व हमीकाळ किती. दुसरी गोष्ट म्हणजे आपण होऊन मोजणी करणं. टोरांटो शहरात १९८९ साली बायकांच्या एका संस्थेने ही रीत बसवली. बायकांनी गटाने रात्रीच्या वेळी आपल्या वाटेने चालायचं आणि कुठे दिसत नाही, कुठे भीती वाटते, कुठे पळायला जागा नाही, ते जागच्या जागी लिहायचं. आता जगभरच्या शहरांत ती वापरतात, आपल्याकडे दिल्लीतही वापरली गेली.

आम्हीही केलं. गेल्या शनिवारी आम्ही सहा जणी साडेअकराला त्या चौकात जाऊन थांबलो. चार गावच्या, दोन भाडेकरू, आणि काकूही आल्या होत्या, हातात घरची मोठी बॅटरी घेऊन. बस आली, मुली उतरल्या, आणि आम्ही त्यांच्याबरोबर चालत गेलो. वाटेत चौदा खांब लागले. पाचांवर दिवा पेटत होता. तीन खांबांवर दिवाच नव्हता, नुसता लोखंडी हात बाहेर आलेला. बाकीच्या सहांवर दिवा होता पण बंद. एका ठिकाणी नाल्याच्या कडेला भिंत वळते, तिथे काकू थबकल्या आणि म्हणाल्या, "इथून तुम्ही रोज येता?" त्या गावात तीस वर्षं राहतात. रात्री साडेअकराला त्या बोळात त्या कधी आल्याच नव्हत्या.

खांबांवर रंगवलेले नंबर आम्ही वहीत उतरवून घेतले आहेत. जिथे नंबर पुसला आहे तिथे समोरच्या घराची खूण लिहिली आहे. ही यादी महिला सभेत काकू मांडणार आहेत, कारण त्यांचं मत तिथे आहे. रोषणाई हवीच हे त्यांचं म्हणणं अजूनही कायम आहे. फक्त आता त्या म्हणतात की कमानीच्या अंदाजपत्रकातच या नऊ खांबांचे पैसे धरा, नाहीतर मी सही करणार नाही. सभा पुढच्या महिन्यात आहे.